दुधाच्या हिशेबाचं कॅलेंडर

मंदाच्या कॅलेंडरात रोजच्या चौकटीत
वर कोपऱ्यात दूध : एक, दीड, पाहुणे आले तर दोन.
मधे माझी झोप.
खाली एक टिंब, किंवा काही नाही.
टिंब म्हणजे क्वार्टर.
त्याहून जास्त असेल तर टिंबाला शेपटी.
मला वर्षभर वाटत होतं, ती गवळ्याचे खाडे मांडते.

मी कूलर दुरुस्त करतो.
नंदनवनपासून मानेवाड्यापर्यंत
फेब्रुवारी संपता संपता फोन वाजायला लागतो.
जुन्या ताट्या काढा, वाळा भरा, पंप तपासा,
आणि त्याच हवेत माझ्या आतली मोटर
कोणी न बोलावता सुरू होते.

पहिले आठ दिवस तर सणच.
भूक नाही, थकवा नाही,
पोह्यांवरची तर्रीसुद्धा माझ्याशी बोलून राहिलेली.
दिवसाला बारा कूलर. मग अठरा.
त्या साली बासष्ट कूलर उधारीवर उचलले मी,
अख्खा लेआउट फुकट थंड करणार होतो.
रात्री तीनला फुटाळ्याच्या काठावर स्कूटर लावून
पाण्याला भाव सांगत होतो.

तेव्हा प्यायचो ते चढायला नाही, उतरायला.
हे कोणाला पटत नाही.
डोक्यातला पंखा पाचावर, रेग्युलेटर जळालेला.
वाटायचं, एक क्वार्टर म्हणजे हातानं पातं धरणं.
पातं थांबतं. दोन तास.
मग हात कापलेला असतो आणि पंखा सहावर.
सहा हा आकडा त्या बटणावर नसतोच.

आणि आषाढात लोक कूलरला
प्लास्टिक गुंडाळून सुतळी बांधतात,
तसं मलाही कोणी बांधून ठेवलेलं.
दात घासायचे म्हणजे अजनीचा पूल पाठीवर घ्यायचा.
तेव्हाही तीच बाटली,
आता थोडं काही वाटावं म्हणून.
संध्याकाळी तासभर मी माणूस व्हायचो,
विचारायचो, भाजी काय आहे.
पहाटे चारला जागा,
स्लॅबची एकेक चीर माझ्या नावाची.
एका पहाटेनंतर मंदानं गच्चीच्या दाराला कुलूप घातलं.
विचारलं नाही, सांगितलं नाही.

डॉक्टर बोरकुटेंनी बजावलं होतं,
दारू आणि गोळी एकत्र नको.
मी आज्ञाधारक.
ज्या रात्री दारू, त्या रात्री गोळी नाही.
हे ऐकून ते हसले नाहीत.
म्हणाले, हेडाऊ, ही गोळी म्हणजे एक मीठच आहे.
उन्हानं घाम जातो, दारूनं पाणी जातं,
मग रक्तात मिठाचं माप चुकतं.
स्वयंपाक केलाय कधी?

मग विचारलं, आधी काय? दारू की हे चढणं?
मी म्हणालो, चढणं. आई म्हणाली, दारू.
मेहुणा म्हणाला, कायची बिमारी बे, दारूच आहे नुसती.
मंदा काही बोलली नाही.
पिशवीतून चौदा महिने काढले,
गुंडाळी केलेले, रबर लावलेले.

टेबलावर मार्च पसरला.
झोप सहा. पाच. पाच. साडेतीन, आणि टिंब.
दोन. टिंब. टिंबाला शेपटी.
दिवाळीत, मेहुण्याकडे, उलटं :
टिंब, टिंब, टिंब, मग झोप दोन.
रस्ता दोन्हीकडून होता.
डॉक्टरांचं बोट चौकटींतून फिरत राहिलं,
दूध एक, दूध दीड,
एका मंगळवारी दूध शून्य.
हे काय, म्हणाले.
पैसे नव्हते त्या दिवशी, ती म्हणाली.

आज छप्पन्न दिवस टिंब नाही.
बाहेर सेहेचाळीस डिग्री.
बर्डीवरच्या त्या दुकानापुढं स्कूटर आपोआप हळू होते,
तिला शिव्या देतो.
पाणी पितो, मोजून. रक्त देतो, तारखेला.
सकाळी मंदा पेन घेऊन भिंतीपाशी उभी.
किती?
सहा, मी म्हणतो.
ती पेन टेकवत नाही.
चार, मी म्हणतो.
चाराला थोडं कमीच.
ती लिहिते.
मग डॉक्टरांचा नंबर शोधते.